अकरा मडकी

रुपा सात वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तेलंगणातल्या तामसीजवळच्या एका गावात, त्यांच्या घरात दोघंच होती: रुपा आणि तिचे वडील यशवंतराव. ते कापूस आणि ज्वारी पिकवायचे. पोरगी आदिलाबादला कॉलेजात जायला लागली तेव्हा भाकरी थापायचं कामही त्यांनीच घेतलं. दुसरं लग्न करा असं कुणी म्हटलं की हसायचे. "आमी दोघं एकमेकाले पुरून राह्यलो. तिसऱ्याचं काय काम?"

२०२१च्या एप्रिलअखेर त्यांना ताप आला. चौथ्या दिवशी धाप लागली म्हणून रुपाने त्यांना ऑटोत घालून आदिलाबादला नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातही माणसं झोपवलेली होती. पाचव्या सकाळी यशवंतराव गेले.

रुपाने चुलत्यांना, पांडुरंगरावांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, गावात कोणीच घराबाहेर निघून नाही राह्यलं. घरात लहान लेकरं हायेत. तूच पाहून घे."

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तीन देह होते आणि प्रत्येकामागे एकच माणूस. साईकिरण नावाच्या तेलुगू मुलाची आई होती. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या रविकांतचा मोठा भाऊ होता. तिसरी रुपा. सगळ्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक, दिसत होते ते फक्त डोळे. स्मशानातले दोन कर्मचारी पहाटेपासून राबून भिंतीला टेकले होते. त्यांना उठा म्हणायची कुणाची हिंमत होईना.

शेवटी अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर अफसर गाडीतून उतरला. तोही या तिघांसारखा पंचविशीच्या आतलाच. म्हणाला, "चार जने हैं ना अपन? एक एक करके उठाते. किसी का भी हो, अपना समझ के."

बाईमाणसाने स्मशानात यायचं नसतं, असं आता कुणीतरी म्हणेल, म्हणून रुपा थांबली. पण म्हणायला तिथे कोणी नव्हतंच. तिने खांदा दिला. आधी रविकांतचा भाऊ, मग साईकिरणची आई, मग यशवंतराव. वडलांच्या वेळी तिचा तोल गेला, तेव्हा मागून साईकिरणने आपल्या बाजूचा भार वाढवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तपासणीत रुपाही बाधित निघाली. चौदा दिवस ती घरात एकटी होती. शेजारच्या कुसुमबाई ओट्यावर डबा ठेवायच्या आणि रस्त्यावर जाऊन हाक मारायच्या, "रुपा, जेवन ठेवलं वं!" दिवसभरात कानावर पडणारा माणसाचा आवाज तेवढाच. तो लवकर संपू नये म्हणून रुपा दारातून विचारायची, "कायची भाजी हाय, काकू?" झाकण काढलं असतं तर दिसलीच असती. कुसुमबाईंनाही ते कळत असावं. त्या भाजीत काय काय घातलं ते सावकाश सांगायच्या.

तेरावाही तसाच गेला. तिने वडलांच्या फोटोपुढे पान वाढलं आणि भिंतीला पाठ लावून बसून राहिली.

मग साईकिरणचा फोन आला. अफसरकडून त्याने नंबर मिळवला होता. मोडक्या मराठीत म्हणाला, "तुमच्या नान्नाच्या, वडलांच्या अस्थी मी जमा करून ठेवल्या. माझ्या अम्माच्यासोबत. तुम्ही कधी येता?"

चौदा दिवस संपल्यावर रुपा आदिलाबादला गेली. स्मशानाच्या शेडमध्ये एका मडक्यावर तेलुगूत 'यशवंतराव' लिहिलेलं होतं. अक्षरं जुळवत तिने ते वाचलं आणि पहिल्यांदा मोकळी रडली. डोळे पुसताना तिला खिळ्यांना टांगलेली आणखी मडकी दिसली. अकरा.

"हे कोनाचे?" तिने विचारलं.

"कोई आया नहीं," कर्मचारी म्हणाला.

घरी येऊनही ती अकरा मडकी तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिने साईकिरणला फोन केला. "त्यायच्या घरच्यायले विचारू ना. भेत असतील. आमी भेलो होतोच की."

स्मशानातल्या वहीतून नंबर मिळाले. तेलुगू घरांना साईकिरणने फोन केले, मराठी घरांना रुपाने आणि रविकांतने. काहींनी फोन आपटला. एक म्हातारे नुसते रडत राहिले. एक बाई म्हणाली, "घरात आता फक्त पोरगीच हाय. तिले कसं पाठवू?"

"पोरगीलेच पाठवा," रुपा म्हणाली. "मी बी पोरगीच हावो."

निर्बंध सैल झाल्यावर जूनच्या शेवटच्या रविवारी अफसर गाडी घेऊन आला आणि ती अकरा मडकी व आपापल्या माणसांची मडकी घेऊन सगळे पैनगंगेवर गेले. सहा घरांतून सहा तरुण आले होते. फोनवरच्या त्या बाईची मुलगी चंचल सगळ्यांत लहान, सतरा वर्षांची. उरलेल्या पाच मडक्यांना कोणीच नव्हतं. ती कुणी धरायची, हे कुणालाच ठरवता येईना. चंचलने एक उचललं आणि त्यावरची अक्षरं पाहून विचारलं, "यायचं नाव काय लिहिलंय? मले तेलुगू येत नाही."

साईकिरणने नाव मोठ्याने वाचलं. न सांगताच बाकीच्यांनी ते परत म्हटलं. मग तसंच सुरू झालं. भटजी नव्हता, मंत्र नव्हते. प्रत्येकाचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी ते म्हणायचं आणि मडकं पाण्यात सोडायचं. यशवंतरावांचं नाव त्यांना कधीही न भेटलेल्या नऊ तोंडांतून आलं तेव्हा रुपाने मडकं पाण्यात सोडलं.

नंतर काठावर बसून सगळ्यांनी भाकरी खाल्ली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा कुणासोबत जेवत होती.

आज रुपा आदिलाबादच्या एका लॅबमध्ये नोंदणीचं काम करते. त्या दिवशी जमलेले आजही एकमेकांच्या संपर्कात आहेत. कुठे मयताला खांदेकरी कमी पडले असं कळलं की जो जवळ असेल तो निघतो. मागच्या वर्षी चारदा जावं लागलं.

पांडुरंगराव दुसऱ्या वर्षी अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "माहं चुकलं, पोरी." रुपाने त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. असू द्या, असं मात्र ती म्हणाली नाही, कारण ते खरं नव्हतं. ते पाणी पिऊन गेले. पुढच्या अखाजीला परत आले.

संध्याकाळी बसमधून उतरून कुलूप काढताना तिला अजून जड जातं. घरात शिरल्यावर बोलायला कोणी नसतं. कधी ती उगाचच भांड्यांचा आवाज करते.

यंदा मजूर मिळेनात, म्हणून दिवाळीनंतरच्या रविवारी चंचल, साईकिरण, रविकांत आणि आणखी तिघं तिच्या शेतात कापूस वेचायला आले. साईकिरणला बोंडातून कापूस धड काढता येईना. नर्सिंगला शिकणारी चंचल ओरडली, "काऊन तोडून राह्यला झाड? बसून राहा तिकडे!" सगळं शिवार हसलं, रुपाही हसली. दुपारी तिने सगळ्यांना वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढली. पाचच्या बसने ते गेले.

घर परत शांत झालं. रुपाने पदर खोचला आणि मोरीपाशी बसून सात जणांची ताटं घासायला घेतली.