कंटेनर सुटेपर्यंत

आमच्या हरिपाठ मंडळात टाळ पिशवीत गेले की बायका हमखास विचारतात, "काय म्हणतेय तुमची आफ्रिका?" तिकडून मशिनी खपल्याच्या बातम्या कमी येतात, किस्सेच जास्त. मग मी तेच सांगते. हसायला सगळ्या थांबतात.

नेवाशात आमचं कडबाकुट्टी मशिनींचं छोटं वर्कशॉप आहे. धाकटे दीर मशिनी बनवतात आणि माझ्या यजमानांनी दोन वर्षांपूर्वी मलावीत दुकान थाटलं. "तिकडं गायी आहेत, वैरण आहे, कुट्टी करायला काही नाही," असं यांचं म्हणणं.

पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारा शेतकरी. दोन तास डेमो बघितला, मशीन वाखाणलं, गेला. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव घेऊन आला, पुन्हा वाखाणलं. तिसऱ्या दिवशी यांनी विचारलं, "बाबा, घेणार कधी?"

तो म्हणाला, "तू किती टिकतोस ते बघतोय. मागच्या दुकानदाराकडून एक घेतलं होतं. नवीन पातं मागायला गेलो, तर दुकानात कोंबड्या फिरत होत्या."

यांनी त्याला शब्द दिला. पाती आणि मशिनी भरलेला कंटेनर उन्हाळ्याआधी दारात उभा राहील.

*

कंटेनरची पूजा मीच केली. मी राजूरकडची, भातावर वाढलेली. भावानं पाठवलेल्या नव्या तांदळाच्या अक्षता चारी कोपऱ्यांत टाकल्या, मशिनींना हळदकुंकू वाहिलं, नारळ आत ठेवला.

ट्रेलरचा ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, "ताई, आता सोडा. सत्यनारायण बोटीवर घालू."

दीर म्हणाले, "आरं, वहिनीची पूजा हाय. ह्यो कंटेनर मधी कुठंच थांबायचा न्हाई."

थांबला. मलावीला समुद्र नाही, म्हणून शेजारच्या देशातल्या बंदरावर.

*

"कुठला तरी दाखला हवाय," एवढंच हे फोनवर म्हणाले. मी देवळात मोहिनीराजापुढे बोलून आले, कंटेनर सुटेपर्यंत भात खाणार नाही.

यांना सांगितलं तर म्हणाले, "भात कशाला सोडतेस? दुसरं काहीतरी सोड."

*

यांच्या दुकानातल्या ग्रेसबाई माझ्यासारख्याच देवभोळ्या. चर्च चुकवत नाहीत. व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "दीदींनी भात सोडला, मी बुधवारचा उपास धरला. साहेबांनी काय सोडलं?"

हे म्हणाले, "आशा."

मी म्हटलं, "तेवढी सोडून काहीही सोडा."

*

मुलीसाठी स्थळ आणणारे एक मामा आहेत. "वडील कुठे असतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आफ्रिकेत." मामांनी वही मिटली. "असू द्या. आपण नुसतं फॉरेन म्हणू."

मुलगी आतून म्हणाली, "आणि मुलाचा पगार? तो पण नुसता बरा म्हणायचा का?"

*

बंदरावरचा साहेब मोठा सभ्य. यांना खुर्ची देतो, घरच्यांची खुशाली विचारतो आणि मग म्हणतो, "कागद तुमच्या देशातून आणा." त्याच कागदासाठी दीर नगरला खेटे घालतात. तिथे तर खुर्चीही मिळत नाही.

हे म्हणतात, "त्या मानानं आफ्रिका बरी."

*

तिकडं गवत वाळलं. म्हातारा एके दिवशी दुकानात आला. रिकाम्या फरशीकडे बघितलं, ग्रेसबाईंकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कोंबड्या कधी आणताय?"

*

गेल्या आठवड्यात दीर नगरहून आले. हातपाय धुवायला मागे गेले. पिशवीतून अर्ज डोकावत होता, मी वाचला. बंदरावरच्या तपासणीत मशिनींशिवाय सापडलेल्या वस्तू: नारळ, एक. तांदूळ, अंदाजे एक मूठ. दोन्हींना कीड नसल्याचा दाखला नाही, सबब कंटेनर अडवला आहे.

खाली नगरच्या साहेबाचा पेनानं शेरा होता, "अर्जदार तांदळाचे निर्यातदार नाहीत. अर्ज परत."

दीर दारात उभे होते. "वहिनी, दादानं शपथ घातली हुती. तुमाला सांगायचं न्हाई म्हनून."

मी फोन लावला. माझ्या नुसत्या श्वासावरून यांना कळलं असावं.

"जेवलीस का?" हे म्हणाले.

"हो."

"काय?"

"भाकरी," मी म्हणाले.