पेंडीच्या पोत्यातल्या शेंगा

"आत्या गेली..." एवढं बोलून शेजारच्या सुमनकाकू फोनवर थांबल्या. मग म्हणाल्या, "आन् तांबडी हंबरतीय, धार काढायची राहिली. तू ये पटकन." मी शहरातून पडेगावला पोहोचले तोवर दारात माणसं जमली होती. धार काकूंनीच काढली होती आणि दुधाची बादली आत्याच्या उशाशी ठेवली होती. दुसरीकडं कुठं ठेवावी हे त्यांना सुचलं नव्हतं.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, थोरली बहीण. आमच्या घरी कॉटखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. आत्या त्यातली चार पत्रकं नेऊन गोठ्याच्या फटींना डकवायची. दादा चिडायचे, "अगं, विचार आहेत ते." ती म्हणायची, "मग गाईलाबी कळू दे की."

ती परकरी पोर होती तेव्हा गंगापूरकडच्या आमच्या गावात आजी मोठ्या शेतकऱ्याच्या बाभळींखाली शेंगा वेचायची, त्याच्या जनावरांसाठी. बदल्यात शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. एका उन्हाळ्यात वस्तीतल्या सगळ्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. यापुढं जमिनीवर पडलेलं उचलायचं नाही, असं ठरलं. ही गोष्ट मी किती सभांत सांगितली असेल...

पुढं पडेगावात आत्यानं तांबडीसाठी तो ठराव मोडला. उन्हाळ्यात हिरवा चारा नसायचा, पेंड परवडायची नाही आणि दौलताबाद रस्त्याच्या बाभळींखाली शेंगांचा सडा पडलेला असायचा. ती झुंजूमुंजू असताना जायची आणि रस्ता जागा व्हायच्या आत परतायची. शेंगा गोठ्यामागं वाळवून मोगरीनं कुटायची, कारण अख्ख्या घातल्या की टणक बी तसंच शेणातून बाहेर पडतं. मग बेतानं कडब्यात मिसळायची. शेंगा आणायची-ठेवायची सरकी पेंडीच्या एका जुन्या पोत्यात, आणि पोत्याची छापील बाजू कायम बाहेर. दूध न्यायला येणाऱ्या एकानं विचारलं, "मावशी, पेंड कोणती घालता? दूध लई दाट लागतंय." आत्यानं पोत्याकडं बोट केलं. "त्याच्यावर लिहिलंय की. वाचा." तो गेल्यावर मी खूप हसले. ती हसली नाही.

मी तिला म्हणाले होते, "लपवतेस काय, आत्या? गाय तुझी, झाड कुणाच्या बापाचं नाही. चांगली उजेडात जा."

"व्हय, झाड कुणाचं नाय," ती कुटता कुटता म्हणाली, "पर वाकलं की मी आयसारखीच दिसते गं. तुला बोलायचं असतं, मला वाकायचं असतं." मला उत्तर सुचलं होतं, मी ते दिलंही होतं. आता ते आठवत नाही.

ती गेल्यावर दादा म्हणाले, गाय विकू. मी सांभाळते, असं मी भरल्या घरात मोठ्या आवाजात सांगितलं. पण तांबडी नुसता कडबा हुंगायची आणि तोंड फिरवायची. दूध आटत चाललं. "आसंच चाललं तर गिऱ्हाइकाला दाखवू," दादा म्हणाले.

म्हणून गेल्या आठवड्यात आत्याचं पोतं घेऊन गेले... मुद्दाम चांगलं उजाडल्यावर. पहिल्याच बाभळीखाली ओंजळभर शेंगा वेचल्या असतील, तेवढ्यात जीप हळू झाली. आमच्या सभांना येणारा एक ओळखीचा पोरगा खिडकीतून वाकून म्हणाला, "ताई, जय भीम. काय हरवलं काय?"

मी ताठ उभी राहिले. मूठ उघडली, शेंगा पायाशी पडल्या. "कानातलं पडलं रे."

"उतरू का? शोधू लागतो."

"नको, सापडलं."

जीप गेली. कान तापले होते, आणि कानात काहीच नव्हतं. मी कधी काही घालतच नाही, हे त्यालाही माहीत असणार. मग मी वाकले आणि पोतं भरेपर्यंत वर पाहिलं नाही.

गल्लीत सुमनकाकू दार झाडत होत्या. माझ्या डोक्यावरच्या पोत्याकडं बघून म्हणाल्या, "पेंड आणली व्हय गं?"

"व्हय," मी म्हणाले. छापील बाजू मी रस्त्यातच बाहेर करून घेतली होती.