कोपरा फाडलेलं पत्र

माझी मैत्रीण मस्कतला एका घरी म्हातारीची देखभाल करायला गेली होती. ती मला पत्रं लिहायची. फोनवर रडू येतं, कागदावर येत नाही, असं तिचं म्हणणं. कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. मी आमच्या गावातून, कुडव्यातून इकडचं कळवायचे: दुकान अर्धा दिवस उघडं, शेजारची चौघं एकदमच आजारी. ती तिकडचं लिहायची.

एका दुपारी पोस्टमननं पत्र हातात न देता फाटकावर ठेवलं. "तुमीच पाहा बाई," म्हणाला आणि निघाला. पाकिटाचा कोपरा फाडलेला होता. म्हटलं, टपालात फाटला असेल. उघडलं तर आतल्या कागदाचाही कोपरा फाडलेला.

आमच्याकडे असं पत्र मयतीचंच. वाचून फाडून टाकायचं, आंघोळ करायची. आई ओरडली, "नको आणू वं ते घरात!"

पण अक्षर तिचंच! मेलेलं माणूस स्वतःच्या मरणाचं पत्र लिहितं काय? आणि मरणाचं त्यात अक्षरही नव्हतं. म्हातारी जेवत नाही, खिडकीतून एकच मांजर दिसतं, थोडी कणकण आहे. खाली नेहमीची सही. फोन लावला, बंद. आईनं डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं, आणि मी मुकाट्यानं घेतलं.

तिची माय देवरीकडच्या गावात एकटी राहते. तिला सांगायला हवं होतं. बस सुरू होती, म्हणजे सबबही नव्हती. पण खरं सांगते, मी भ्याले. त्या माउलीचं तोंड डोळ्यांपुढं आलं की पाय उचलेना. आज जाते, उद्या जाते करत आठ दिवस काढले. घरात कोणी तिचं नाव काढेना.

नवव्या दिवशी फोन आला. आवाज तिचा! मी फोन खालीच टाकला. मग पुन्हा उचलला.

"कोपरा कोणं फाडला?" मी ओरडलेच.

"मीच. लिहिलं तवा कणकणच होती, मंग ताप उतरेच ना. वाटलं, मेली तं गावाकडं कळवन कोण? इथं ही रीत कोणाले माहीत? फाडून उशीखाली ठेवलं होतं. मले दवाखान्यात नेलं, महिनाभर तिथंच होती. संगच्या स्वयंपाकिणीनं पत्ता पाहून टाकून देलं पेटीत."

"अन् मलेच काऊन?"

"तू माह्या मायले जाऊन सांगशील म्हणून." मग हळूच विचारलं, "गेली होती का तू?"

"नाही."

"बरं झालं बाई!" म्हणत ती खळखळून हसली. हसता हसता थांबली, आणि म्हणाली, "अन् खरीच मेली असती तं?"