सुभानाआबा सिनेमा बघतात

दुपारचे दोन वाजून गेलेत. पोटाला तड लागलीय, म्हणून ओसरीतल्या कॉटवर आडवा होतो. हातात भाषणाचे दोन कागद आहेत. पाच वाजता वेशीवर नव्या कमानीचं उद्घाटन आहे आणि कमानीवर माझ्या पणजोबांचं नाव आहे, वीर सुभाना फडतरे. मी त्यांचा पणतू आणि गावचा निवृत्त मास्तर, त्यामुळे बोलायचं मलाच. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. डोकं उठलंय ते त्या सिनेमानं.

काल चार टेम्पो भरून गाव तालुक्याला तो सिनेमा बघायला गेलं होतं. पहिल्या महायुद्धात सुभानाआबा इराकात बसऱ्याकडे गेले, तिथं कूत नावाच्या गावात तुर्कांनी आपल्या पलटणींना जवळजवळ पाच महिने वेढलं. दाणा संपला, माणसं खंगून मेली, शेवटी शरण जावं लागलं. आता यावर सिनेमा काढायचा तर भूक दाखवायला नको का? तर नाही. तीन तास नुसता रक्ताचा सडा. नायकाच्या अंगावर सदरा म्हणून टिकत नाही. उपासमार अडीच मिनिटांच्या गाण्यात उरकलीय, आणि त्या गाण्यातही गड्याचे दंड जसेच्या तसे.

खरी गोष्ट होती घोड्यांची. धान्य सरल्यावर साहेबांनी घोडे कापायला काढले. गोऱ्यांनी खाल्ले, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तोंड फिरवलं. घोडा खाल्ल्याचं गावात कळलं तर पंगतीला कोण घेईल, लेकींना कोण करून घेईल, याची धास्ती. खायला हरकत नाही असं धर्ममार्तंडांनी तारेनं कळवलं, तरी कित्येकांनी महिनोन्महिने ऐकलं नाही. सिनेमात मात्र घोडा तुर्कांच्या गोळीनं मरतो आणि नायक त्याच्या गळ्यात पडून रडतो. माझ्या मागं बसलेली माणसंही रडत होती. मी रागानं खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

त्यात आज सकाळी रेश्मा काळंगे येऊन गेली. अंगणवाडीत शिकवते, माझीच विद्यार्थिनी. तिचा पणजोबा गेनू हा सुभानाआबांचा जिवलग. एकाच दिवशी भरती झाले, परत आले ते एकटे आबा.

"गुरुजी, कमानीवर नाव न्हाय तर ऱ्हाऊ द्या," रेश्मा म्हणाली, "पण भाषणात आमच्या पणज्याचं नाव घ्या. उपाशी मेला पण घोड्याला शिवला न्हाय, आसं आमच्यात सांगत्यात."

घेतो म्हणालो, आणि अडकलो. कारण आमच्यातही तेच सांगतात. दोघंही शिवले नाहीत, असं आबांनीच परत येऊन गावाला सांगितलं. मग एकाच उपासानं एक मेला आणि दुसरा जगला कसा? हे माहीत नसताना गेनूच्या पणतीसमोर माईक हातात घ्यायचा, याची मला लाज वाटतेय.

वरचा पंखा कुरकुरतोय. डोळे मिटतात. कुरकुर थांबते तेव्हा मी थिएटरात असतो आणि शेजारच्या खुर्चीत एक तरुण बसलेला असतो. चोवीसेक वर्षांचा, गालफडं आत गेलेली, खाकी कोट अंगावर लोंबणारा. नाक मात्र आमच्या घरातलं. मी जन्मायच्या आधीच आबा गेले, तरी ओळखायला वेळ लागत नाही.

"आबा," मी म्हणतो.

"गप बसा मास्तर. बघू द्या की."

मी सदुसष्टचा, हा चोवीसचा, आणि मला वर्गातल्या पोरासारखा गप करतो.

"आबा, मला एक विचारायचंय."

"त्यो मी हाय व्हय?" आबा पडद्याकडे बोट करतात. "लई गोरा घेतलाय. आन् अंगाला त्याल चोळलंय का काय?"

"ते सगळं खोटं आहे."

"खोटं तर खोटं. तुमचं काय जातंय?"

माझं डोकं सणकतं. पडद्यावर गेनू आलाय. त्याच्या एका हातात तलवार आहे, दुसऱ्या हातात झेंडा. सात तुर्क आडवे करून, छातीत संगीन घेऊन, तो सुभानाच्या मांडीवर डोकं ठेवतो. मागं ढोल-ताशे. आबा पुढं सरकून, तोंड उघडं ठेवून बघतायत.

"झ्याक मेला," ते हळूच म्हणतात. "बगा की, कसा पटदिशी मेला."

"आबा, तो असा मेला नाही."

"मला सांगताय?"

मध्यंतराचे दिवे लागतात. मी त्यांच्यामागं बाहेर पडतो. पायाखालची फरशी ओली आहे, मग चिखल आहे. कँटीनसमोर रांग लागलीय, पण रांगेतल्या माणसांच्या हातात ॲल्युमिनियमची ताटं आहेत आणि कोट आबांसारखेच लोंबतायत. समोशांच्या काचेच्या कपाटात तांबड्या मांसाचे लांब तुकडे मांडलेत. बाजूला आणखी एक रांग आहे, आपल्या माणसांची. तिच्यापुढं काहीच नाही. ती माणसं नुसती उभी आहेत.

"तुम्ही कुठल्या रांगेत होता?" मी विचारतो.

"तिकीट कितीला पडलं तुमाला?"

"आबा, सरळ बोला. पाच वाजता मला भाषण करायचंय."

"मग करा की. कोण आडवं आलंय?"

"तुम्ही आलाय." माझा आवाज चढतो. "शंभर वर्षं तुम्ही आडवे आलाय. तुम्ही परत आल्यापासून आमच्या घरात मटण शिजत नाही. माझ्या बापानं खाल्लं नाही, मी खाल्लं नाही. आबा मोठे सत्शील, म्हणून बायका तुमचं नाव घेऊन हात जोडायच्या. कशासाठी सोडलं होतं तुम्ही?"

आबा दार ढकलून आत जातात. आत माझा सातवीचा वर्ग आहे. फळा, खडू, खिडकीला बांधलेली सुतळी, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या बाकावर गेनू बसलाय. सिनेमातला नव्हे, हा दुसराच, बारका, ओठ फाटलेला. त्यानं हात वर केलाय. परवानगी मागताना मुलं करतात तसा.

"सुभाना," गेनू म्हणतो, "खाऊ का रं?"

आबा फळ्यापाशी उभे आहेत. "न्हाय."

"थोडंसंच. परवानगी आलीया म्हणत्यात."

"न्हाय म्हणलं ना. गावाला काय तोंड दावशील?"

गेनू हात खाली घेत नाही. मी तीस वर्षं त्या खोलीत उभा राहिलो, किती पोरांना नाही म्हणालो, पण असा हात मला कुणी दाखवला नाही.

"त्याच्या आईनं त्याला माझ्या हवाली केलता," आबा माझ्याकडे न बघता बोलतात. "मी सांगीन तसं करायचा. पाणी पी म्हणलं की प्यायचा. म्हणून ऱ्हायला तसाच. एकवीस दिस."

"आणि तुम्ही?"

खडूचा तुकडा बोटात फिरवत राहतात.

"तुम्ही, आबा?"

"म्या खाल्लं." हे ते फळ्याला सांगतात. "दुपारच्याला सगळी पडल्यावर जायचो, गोऱ्यांच्या भटारखान्यामागं. एक गोरा द्यायचा. पयल्या दिवशी खाल्लं तवा रडू आलं, दुसऱ्या दिवशी न्हाय आलं."

"मग त्याला का नाही दिलं? एवढासा तुकडा?"

"त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हवतं, मास्तर. सगळं बोलायचा. वेशीत पाय ठिवल्या ठिवल्या सांगितलं आसतं, आमी दोगांनीबी घोडा खाल्ला म्हणून. मग माझ्या लेकीचं काय?"

"लेक किती वर्षांची होती?"

"दोन."

मला त्यांच्या कानफटात मारावीशी वाटते. चोवीस वर्षांच्या माझ्या पणजोबांच्या. मी तसा हात उचलतोही, आणि वर्ग नदीच्या काठावर आहे, गढूळ पाणी मातीच्या भिंतीला लागून वाहतंय, आणि माझ्या पोटात आग पडलीय. ही भूक मला माहीत नाही. दोन तासांपूर्वी जेवलेल्या माणसाची ही नव्हे. डोळ्यांपुढं काहीबाही येतं, पंगती, पत्रावळी, लग्नातलं उष्टं.

"धरा," आबा म्हणतात. कोटाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवतात. कोमट आहे. फडक्याला चरबी लागलीय.

"मी खात नाही," मी म्हणतो.

"बरं."

ते थांबतात. पाण्याकडे बघत, अजिबात घाई न करता. मी म्हणणार असतो की मी तुमच्यासारखा नाही. म्हणायला तोंड उघडतो आणि तुकडा तोंडात जातो. मी खातो. चावतही नाही धड. बोटं चोखतो. पलीकडे भिंतीला टेकून गेनू बसलाय, त्याचा हात अजून वर आहे, तो मला दिसतोय, आणि मी पाठ फिरवून उरलेलं संपवतो.

"आता करा भाषण," आबा म्हणतात. टोमणा नाही त्यात. थकलेत फक्त.

"त्याच्या बायकोला काय सांगितलंत?"

"देवमाणूस हुता म्हणलं. शिवला न्हाय म्हणलं. तिला लई बरं वाटलं."

"तिला खरं का नाही सांगितलं?"

"ती रोज दारावरनं जायची, मास्तर," ते म्हणतात, आणि मी जागा होतो.

पंखा चालू आहे. भाषणाचे कागद जमिनीवर पडलेत. साडेचार वाजलेत. उठून मोरीवर जातो, तोंडावर पाणी मारतो आणि हाताकडे बघतो. उजव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा चकाकतायत. साबण लावतो, पाणी नुसतं थेंब धरून ओघळतं. राखेनं घासतो. पुन्हा साबण. जात नाही. चिडून दगडावर घासतो तर कातडं सोलतं, चरबी तशीच.

"गुरुजी, आवरलं का?" रेश्मा दारात उभी आहे, नवी साडी नेसून. "समदी जमल्यात. म्हणलं, तुमाला घिऊनच जावं." मग तिचं लक्ष जातं. "हाताला काय लागलंय?"

ग्रीस आहे म्हणावं, असं मनात येतं. किती सोपं होतं ते.

"तुझा पणजोबा घोड्याला शिवला नाही, हे खरं आहे," मी म्हणतो. "पण त्याला खायचं होतं गं. एकवीस दिवस तो खाऊ का म्हणून विचारत होता. आमच्या आबांनी खाऊ दिलं नाही. आणि स्वतः खाल्लं."

वेशीकडे हलगी वाजायला लागलीय. माईकवर कुणीतरी माझं नाव घेतंय.

"कुणी सांगितलं तुमाला ह्ये?" रेश्मा विचारते. तिचा आवाज पातळ झालाय.

मी हात पुढं करतो. ती जवळ येते, माझं मनगट धरते, बोटं नाकाशी नेते आणि बराच वेळ सोडत नाही.

"जनावराचा वास हाय," ती म्हणते. मग नव्या साडीनिशी तिथंच पायरीवर बसते. "वाजू द्या तिकडं. सांगा मला, पयल्यापासनं."