डावं घड्याळ

काउको प्युक्कोनेननं जन्मात कधी थंड इंजिन सुरू केलं नव्हतं, आणि हे तो कुणी न विचारता सांगायचा. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या कायानी गावच्या नगरपालिकेत तीसेक वर्षं त्यानं रस्त्यावरचा बर्फ सारायची गाडी चालवली होती. थंड इंजिनाला किल्ली मारणं म्हणजे गाढ झोपलेल्या माणसाला तळ्यात ढकलणं, हे त्याचं वाक्य अख्ख्या इमारतीला पाठ होतं. नवा भाडेकरू आला की सामान वर चढवतानाच त्याला ते ऐकावं लागे.

इमारतीच्या अंगणात गाड्यांच्या ओळीत दर दोन जागांमध्ये एक विजेचा खांब आहे. खांबावरच्या पेटीत दोन सॉकेट आणि दोन घड्याळं असतात: डाव्या गाडीसाठी डावं, उजव्या गाडीसाठी उजवं. संध्याकाळी गाडीला वायर लावायची आणि निघायची वेळ घड्याळाच्या चकतीवर फिरवून ठेवायची. पहाटे वीज आपोआप सुरू होते. इंजिन कोमट होतं, आतला छोटा हीटर काचा आणि सीट तापवतो. चकती फिरवायला विसरलात, तर सकाळी हातात खरवडणी आणि तोंडात शिव्या.

सप्टेंबरात सोसायटीची सभा झाली. तीत काउकोनं दोन विषय लावून धरले. हल्ली गाड्या रुंद झाल्यात, तेव्हा जागांच्या रेषा नव्यानं आखा, हा पहिला. दुसरा, गाडी बाहेर गेली तरी खांबावर तशाच लोंबत राहणाऱ्या वायरींचा. "काहींची वायर गाईच्या शेपटासारखी लोंबत असते," तो म्हणाला. त्यानं नाव घेतलं नाही, पण त्याच्या खांबावर दुसरी वायर रायली तोलोनेनची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रायली त्याच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि शाळेत स्वयंपाक करायची. तिनं विणकाम खाली ठेवलं.

"तुम्ही तुमचं शेपूट सांभाळा," ती म्हणाली.

सभा गप्प झाली, ती शेपटामुळे नव्हे, 'तुम्ही'मुळे. कायानीत पाद्र्याला तू म्हणतात, डॉक्टरला तू म्हणतात. 'तुम्ही' उरलं आहे ते राष्ट्राध्यक्षांसाठी आणि ज्याचं तोंड बघायचं नाही अशा माणसासाठी. काउको राष्ट्राध्यक्ष नव्हता. वीस वर्षं "काय रे, मासे लागले का?" म्हणणारी रायली त्या दिवसापासून जिन्यात भेटली की भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे."

रेषा मात्र नव्यानं आखल्या गेल्या. काउको इतकी वर्षं खांबाच्या डावीकडे होता. नव्या आखणीत उजवी जागा जास्त ऐसपैस निघाली, तेव्हा ती त्यानं मागून घेतली आणि रायलीची गाडी डावीकडे आली.

त्याच सुमारास त्याची जुनी डिझेल गाडी तपासणीत नापास झाली. मुलगी पैवी ओउलूहून आली ती ठरवूनच. आता गाडी नकोच, तिच्या घराजवळ एक फ्लॅट रिकामा आहे, बस दारात थांबते, असं तिचं म्हणणं. काउकोनं विचारलं, मग मी मासे धरतो त्या माझ्या तळ्याचं काय? ओउलूला समुद्र आहे की, पैवी म्हणाली. समुद्रातले मासे मला ओळखत नाहीत, यावर तो अडून बसला. शेवटी तडजोड झाली. हायब्रिड गाडी घ्यायची आणि एक हिवाळा बघायचं.

"तुला ही जमली तर राहा इथंच, बाबा," पैवी म्हणाली. "नाही जमली तर चावी माझ्याकडे आणि तू ओउलूला."

आता काउकोचं डोकं उजवीकडे गेलं होतं, पण हात डावीकडेच राहिला होता. रोज संध्याकाळी तो उजव्या सॉकेटला वायर लावायचा, पेटीत हात घालायचा आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं डावं घड्याळ फिरवायचा. बघायची त्याला गरजच वाटत नसे. डोळे मिटून चकती लावतो, अशी त्याची बढाई होती आणि ती शब्दशः खरी होती.

रोज सकाळी गावातल्या बंदिस्त तलावावर पोहायला निघताना त्याची नवी गाडी पांढरीफटक असायची. कोमट झालेली हायब्रिड बॅटरीवर मांजरासारखी निघते. ह्याची मात्र बटण दाबताच इंजिनासकट खेकसायची. काउको म्हणायचा, हिला ऊब लागूच होत नाही. त्यानं ती गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं भिंतीच्या सॉकेटला वायर लावली आणि तासाभरात आत स्वेटर काढायची वेळ आली.

"हिला काही झालेलं नाही," मेकॅनिक म्हणाला.

"तुझ्याकडे तापते, माझ्याकडे तापत नाही."

"मग दोष तुझ्यात बघ."

काउकोनं मेकॅनिक बदलला.

सगळ्यात जास्त झोंबायची ती शेजारची गाडी. रायलीची ती जुनाट डबी रोज तापलेली, काच स्वच्छ, सीट उबदार. ती पिशवी आत टाकायची, "तुमचा दिवस चांगला जावो" म्हणायची आणि निघून जायची. काउको तिथंच काच खरवडत उभा. ज्या बाईला वायर गुंडाळता येत नाही, तिला हे कसं जमतं, हे त्याला उमगेना.

रायलीला सुरुवातीला वाटलं, ही माफी आहे. त्या भागातला पुरुष 'चुकलो' म्हणत नाही, फार तर न सांगता लाकडं फोडून देतो. घड्याळ आयतं लावलेलं पाहून तिनं मनात म्हटलं, चला, विरघळला. मग एका सकाळी तिनं त्याला गाडीच्या टपाला धरून काच घासताना पाहिलं, नजर पेटीतल्या दोन चकत्यांकडे गेली आणि सगळा उलगडा झाला. तिनं 'तुम्ही' चालू ठेवलं आणि मूग गिळले. उबदार सीट ती उबदार सीट.

फेब्रुवारीत पैवी आली. रविवारी सकाळी उणे एकोणतीस होतं. ती म्हणाली, चल, मीही येते पोहायला, गाडी तू चालव. खाली आल्यावर तिनं पांढऱ्या गाडीवरून बोट फिरवलं.

"वायर लावली होतीस?"

"लावली होती."

"घड्याळ?"

"लावलं होतं."

पैवीनं पेटी उघडली. डावी चकती लावलेली होती, उजवी कोरी. ती आधी पेटीकडे बघत राहिली, मग बापाकडे. काउकोनंही पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं डोळे उघडून पाहिलं होतं. पैवीचा आवाज मऊ झाला, आणि हे फार वाईट लक्षण होतं.

"बाबा, हे कधीपासून चाललंय?"

तेवढ्यात रायली खांद्यावर स्की घेऊन खाली आली. उघडी पेटी आणि दोन चेहरे बघून तिला काय ते कळलं. तिनं स्की बर्फात रोवल्या.

"पैवी, ते माझ्यामुळं झालं. तुझा बाप माझी गाडी तापवतो."

"का?"

"सभेत मला बोलला होता. आता तोंडानं माफी मागायची रीत तुमच्या घराण्यात आहे का? तूच सांग."

"पण मग स्वतःची थंड का ठेवली?"

"शिक्षा करून घेतली. इतकं करू नकोस, असं कुणी सांगून ऐकणाराय का तो?" ती काउकोकडे वळली. "काउको, पुरे आता. उद्यापासून तुझीही तापव. छाती भरेल तुझी."

'तुझी' हा शब्द काउकोनं ऐकला. पैवीनं विचारलं, खरं का हे?

नाही म्हणावं तर चावी गेली, तळं गेलं. हो म्हणावं तर काउको प्युक्कोनेननं हिवाळाभर रोज सकाळी, शुद्धीत असताना, थंड इंजिन सुरू केलं होतं. त्यानं बुटाच्या टोकानं खांबाजवळचा बर्फ बाजूला सारला.

"हो," तो म्हणाला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"नुसतं 'चुकलं' म्हणाला असतास, तर काचा कमी घासाव्या लागल्या असत्या," पैवी म्हणाली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. चावीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

सोमवारी पैवी परत गेली. संध्याकाळी काउको खांबाशी आला. बघून, नीट बघून, त्यानं उजवी चकती फिरवली आणि झाकण लावलं. मग उघडलं. पैवी ईस्टरला परत येणार होती. त्यानं डावीही फिरवली.

वरची खिडकी किलकिली झाली. "काउको, उद्या शाळेत पाव भाजायचेत. अर्धा तास आधीची लाव."

त्यानं चकती मागे घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रायली त्याच्या आधी निघाली. तो खाली आला तेव्हा डावीकडे तिची वायर खांबावरून बर्फापर्यंत लोंबत होती, थेट गाईच्या शेपटासारखी. काउकोनं तोंड उघडलं, वर खिडकीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग त्यानं वायर व्यवस्थित गुंडाळून पेटीत ठेवली आणि आपल्या गाडीत बसला. गाडी तापलेली होती. निघाली तेव्हा तिचा आवाजही झाला नाही.