इंद्राणी आंटींच्या वरच्या मजल्यावर

एका घरात दोन वर्षं भाड्यानं राहिलं की सामान वाढतं, तसे किस्सेही वाढतात. न्यू जर्सीला मूव्ह होताना सामान आम्ही निम्मं वाटून टाकलं. किस्से मात्र बरोबर आले. कुणी चहाला आलं की एखादा निघतोच.

घर क्वीन्समधल्या रिचमंड हिलला. वस्ती कॅरिबियन लोकांची, त्यातही गयानाची. यांचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून तिकडे गेले, आणि ही मंडळी तिथून न्यूयॉर्कला आली. आमच्या घरमालकीण इंद्राणी आंटी त्यांतल्याच. खाली त्या, मुलगा, सून शेली आणि सहा वर्षांची नात मेलिसा. वर मी आणि माझा नवरा समीर.

घर बघायला गेलो तेव्हा आंटींनी भाड्याच्या आधी विचारलं, "इंडियात कुठले?"

"कोल्हापूर."

"माझी पणजीपण इंडियाची. तिचं गाव माहितीये तुला?"

"कुठलं गाव?"

"तिनं कुणाला सांगितलंच नाही," आंटी म्हणाल्या. "म्हणून तर तुला विचारतेय."

*

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "आजी! आजी!" मी तोंडात टूथब्रश घेऊन जिन्यापर्यंत धावले. क्वीन्समध्ये मराठी पोर कुठून आलं? खाली मेलिसा बूट हातात घेऊन उभी. त्यांच्यातही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

मी तिला म्हटलं, "मलापण आजी आहे, इंडियात."

मेलिसानं जरा विचार केला. "सेम वन?"

*

एका रविवारी आंटी म्हणाल्या, "चल, गंगेवर जाऊन येऊ." गाडीनं पंधरा मिनिटांत आम्ही जमैका बेच्या किनाऱ्यावर. इथल्या गयानी लोकांची गंगा म्हणजे ही खाडी. डोक्यावरून एअरपोर्टची विमानं उतरतायत, आणि आंटी गुडघाभर पाण्यात हात जोडून उभ्या. झेंडूची फुलं सोडली, जरा वेळ बघितली. मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून एकेक फूल परत वेचायला लागल्या.

"पार्कवाले ओरडतात," त्या म्हणाल्या.

"मग ही फुलं गंगेला पोचली का?"

"तिनं बघितली ना. बास."

*

आई आमच्याकडे दोन महिने राहायला आली. तिला इंग्रजी येत नाही, आंटींना हिंदीसुद्धा नाही. मी कामावर गेले की ही दिवसभर एकटी कशी राहणार, याचा मला घोर. पहिल्याच आठवड्यात ऑफिसमधून आले तर दोघी खालच्या स्वयंपाकघरात. आंटी पोळ्या लाटतायत, आई भाजतेय, आणि गप्पा जोरात.

वर आल्यावर आईला विचारलं, "काय बोलत होतात गं?"

"तिच्या सुनेबद्दल."

दुसऱ्या दिवशी आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिच्या मुलीबद्दल."

*

आई परत निघाली त्या दिवशी तिनं मला शेलीची ओटी भरायला लावली. स्वतः भिंतीपाशी उभी राहून सांगत होती, आधी कुंकू लाव, आता तांदूळ, आता नारळ. शेलीच्या अंगावर साडी नव्हती, तिनं टी-शर्टाची झोळी करून सगळं घेतलं. आंटी दारातून बघत होत्या. मी म्हटलं, "निरोपाच्या वेळी आमच्यात मुलीबाळींची अशी ओटी भरतात." आंटी मान हलवून आत गेल्या.

आल्या त्या हातात तांदळाचा वाडगा, एक नारळ, आणि गयानाचा नकाशा छापलेला नवा किचन टॉवेल घेऊन. सरळ आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आईची ओटी कुणी भरली नव्हती. आई एक पाऊल मागे सरकली.

मी घाईनं मधे पडले. "आंटी, आईला नाही... म्हणजे आमच्यात..." पुढचं इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना.

आंटींनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. "का?" त्या म्हणाल्या. "ती कुणाची मुलगी नाही?"

आईला त्यातलं काय कळलं कोण जाणे. "तू गप बस जरा," ती मला म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पदर पुढे केला.

आंटींनी ओंजळीबिंजळी काही मोजल्या नाहीत. अख्खा वाडगा ओतला.