बारा आचळं, बारा पिल्लं

कल्पना करा, तुमच्या तळहातावर काल जन्मलेलं उंदराचं पिल्लू आहे. करंगळीएवढं, गुलाबी, डोळे-कान मिटलेले. अशी सहा आहेत आणि त्यांची आई सकाळी मेली. चार वाजेपर्यंत पोटात दूध गेलं नाही, तर प्राण्यांचे डॉक्टर त्यांना संपवणार, तशी सूचना फळ्यावर लिहिली आहे. तुम्ही काय कराल?

हिस्का डाइकस्ट्रानं आधी कॉफी संपवली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात ती एकतीस वर्षं उंदरांची बाळंतपणं बघते. शेजारच्या उंदरिणीला कालच सहा पिल्लं झाली होती. तिला आचळं बारा. मग अडलंय कुठे, असं म्हणत हिस्का तिच्या पिंजऱ्याकडे गेली आणि थांबली. शुक्रवार सफाईचा, म्हणून मी तो पिंजरा घासूनपुसून लख्ख केला होता. घरट्याचे कागदही फेकले होते.

"येल्मर, बाळंतिणीची खोली फिनाईलनं धुतलीस होय रे? आता तिला स्वतःच्याच पोरांचा वास येईना."

आम्ही दोघांनी कचऱ्याची पिशवी उपसली. मुतानं ओले, कुबट वासाचे कागद सापडले. हिस्कानं उंदरिणीला घटकाभर दुसऱ्या डब्यात ठेवलं, त्या कागदांत आधी स्वतःचे हातमोजे घोळवले, मग पोरकी पिल्लं, म्हणजे त्यांनाही तिच्याच घरट्याचा वास लागेल, आणि ती तिच्या सहांत मिसळली.

उंदरीण परतली, हुंगत राहिली. मग एकेक पिल्लू दातांत अलगद धरून कोपऱ्यात नेऊ लागली. अकरा नेली. बारावं मधोमध पडून राहिलं. मी हात पुढे केला.

"हात खिशात. ते हाक मारतंय. आपल्याला ऐकू येत नाही, तिला येतं."

बऱ्याच वेळानं ती आली. त्याला उताणं करून पोट चाटत बसली, ते मुतेपर्यंत. या वयात आईनं चाटल्याशिवाय त्यांना तेही जमत नाही. मग त्यालाही घेऊन गेली.

चार वाजता डॉक्टरांनी पिल्लं उजेडात धरली. बाराही पोटांत, पातळ कातडीखाली, दुधाचा पांढरा ठिपका. त्यांनी फळ्यावरची सूचना पुसली.

सोमवारी हिस्कानं बडीशेपेच्या रंगीत गोळ्या लावलेले टोस्ट आणले, आमच्याकडे घरात बाळ झाल्यावर वाटतात तसे. पहिला मला दिला, सफाईबद्दल. खाता खाता म्हणाली, "एकतीस वर्षांत एक मात्र कळलं नाही. ते शेवटचं परकं आहे असं तिला वाटलं, म्हणून ती थांबली का? आणि वाटलं होतं, तर मग परत का आली?"